शिकाऊ उमेदवारी आणि प्राथमिक शिक्षक

(जठारपेठ, अकोला येथे भरलेल्या शिक्षक-मेळाव्यात शिक्षण विस्तार अधिकारी यांनी केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यासाठी आपण तेल्हारा, अकोट, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी, मूर्तिजापूर अशा सर्व तालुक्यांतून आलेला आहात. जठारपेठेतील या सभागृहापर्यंत येताना आपणांस रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लहानमोठी दुकाने लागली असतील. कोठे दुचाकी दुरुस्त होत असेल, कोठे खिडकीची जाळी जोडली जात असेल, कोठे शेतातील जळालेली मोटर भरून देण्याचे काम चालले असेल. अशा प्रत्येक ठिकाणी एक मिस्त्री असतो आणि त्याच्या हाताखाली एक मुलगा असतो. त्या मुलाला आपल्याकडे ‘पोऱ्या’ म्हणतात. त्याचे नाव सहसा कोणी विचारीत नाही. परंतु आपणांपैकी कोणाच्या तरी हजेरीपटावर ते नाव, वडिलांच्या नावासह आणि आडनावासह, एके काळी सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते, हे आपण विसरता कामा नये.

आज मला त्या मुलाविषयी बोलावयाचे आहे. विषयाचे नाव ‘शिकाऊ उमेदवारी’ असे आहे. ‘हा विषय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा, प्राथमिक शिक्षकांचा त्याच्याशी काय संबंध?’ अशी शंका काहींच्या मनात येईल. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे, एवढेच मला दाखवून द्यावयाचे आहे. तथापि उपदेश करण्यापूर्वी माझ्या हातून घडलेली एक चूक मी आपणांपुढे ठेवतो. कारण या विषयाचा विचार मी त्या चुकीपासूनच करू लागलो.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी बाळापूर तालुक्यातील एका खेड्यात शिकवीत होतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. वाचनात तो मागे आणि गणितात त्याहूनही मागे. पण शाळेचा हातपंप बिघडला की सर्वांना त्याची आठवण होई. वर्गातील मोडकी खुर्ची त्याने तारेने अशी आवळली होती की ती पुढे अनेक वर्षे टिकली. सातवीत असताना तो वरचेवर गैरहजर राहू लागला. मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतले आणि मोठ्या विश्वासाने सांगितले, “याचा हात चांगला आहे, डोके पुस्तकात नाही. शाळेत वर्षे घालवण्यापेक्षा अकोल्याला एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली घाला.” ते गृहस्थ शेतमजूर होते. ते म्हणाले, “तुमी सांगसान तसं करू, गुर्जी.” त्या वेळी मुलाचे वय तेरा वर्षांचे होते.

आपण एका मुलाचे कल्याण केले, असे मला त्या दिवशी वाटले. मुलाची आवड ओळखून सल्ला देणे हे चांगल्या शिक्षकाचे लक्षण, असे मी पदविकेच्या अभ्यासात वाचलेही होते.

सात वर्षांनी जिनिंगच्या यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या एका कारखान्यात माझी त्याची गाठ पडली. मी त्याला ओळखले नाही. त्यानेच हाक मारली. तो रॉकेलच्या पाटीत सुटे भाग धूत बसला होता. सात वर्षांनंतरही त्याचे मुख्य काम भाग धुणे, पाने उचलून देणे आणि चहा आणणे हेच होते. त्याच्या मागून आलेली दोन मुले मात्र लेथवर उभी होती. मी कारण विचारले. तो म्हणाला, “गुर्जी, माहा हात चालते, पन आकडा नाही चालत.”

घडले होते ते असे. आपल्या कारखान्यांतून आजही ‘सूत’ हे माप बोलले जाते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून चार सूत म्हणजे अर्धा इंच आणि तीन सूत म्हणजे तीन-अष्टमांश इंच. मिलिमीटरमध्ये सांगावयाचे तर तीन सूत म्हणजे ९.५२५ मिलिमीटर. पण बोलण्याच्या ओघात ‘तीन सूत म्हणजे दहा’ असे म्हणण्याची सवय असते. या मुलाला एकदा बिडाच्या एका भागाला तीन सुती खिळीसाठी भोक पाडावयास सांगण्यात आले. त्याने दहाचा ड्रिल लावला. भोक जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने मोठे झाले. खिळ सैल बसली आणि तो भाग वाया गेला. लहान भोक मोठे करता येते. मोठे झालेले भोक लहान करता येत नाही. त्या दिवसापासून यंत्राला हात लावण्याची त्याला मनाई झाली.

मित्रहो, तीन-अष्टमांश हा अपूर्णांक आपण प्राथमिक शाळेत शिकवितो. तो ज्या वर्गात शिकवावयाचा, त्या वर्गात मी होतो. तो शिकविण्यासाठी मला पगार मिळत होता. त्या मुलाचे सात वर्षांचे नुकसान उस्तादाने केले, असे मला म्हणता येत नाही.

या प्रसंगानंतर मी दोन गोष्टी समजून घेण्याचा प्रयत्न केला. हाताचे काम माणूस कसे शिकतो, ही पहिली; आणि ते शिकण्याची रीतसर वाट कोणती, ही दुसरी.

आपल्या जिल्ह्यात कापसाचा व्यवसाय जुना आहे, म्हणून जिनातील रेच्याचेच उदाहरण घेतो. रेच्यात चामड्याचा खाचा पाडलेला रूळ फिरत असतो. त्याला एक स्थिर पाते टेकलेले असते. रुळाला चिकटून रुई पात्याखालून पुढे ओढली जाते, सरकी अलीकडे अडते आणि हलते पाते तिला ठोकरून सुटी करते. ही दोन पाती एकमेकांवर किती चढवावयाची, रुळाचा दाब किती ठेवावयाचा, रूळ झिजला की खाचा पुन्हा केव्हा पाडावयाच्या, यावर सारे अवलंबून असते. जुळणी चुकली तर सरकी फुटते, तंतू दुखावतो, किंवा सरकीला रुई तशीच राहते. जाणता फिटर नुसत्या आवाजावरून रेच्याचे दुखणे सांगतो. पडलेली सरकी मुठीत घेऊन ‘अजून थोडे चढव’ असे तो म्हणतो. हे ज्ञान पुस्तकात उतरवता येत नाही. ते जाणत्याच्या शेजारी उभे राहून, त्याचा हात पाहून, चुकून आणि त्याच्याकडून चूक दुरुस्त करून घेऊनच अंगी येते.

येथवर उस्तादाचे महत्त्व आहे आणि ते कोणतीही शाळा घेऊ शकणार नाही. परंतु त्याच फिटरला रुळाचा व्यास मापावा लागतो, पट्ट्याच्या दोन पुलींच्या प्रमाणावरून फेरे काढावे लागतात, नवीन यंत्राबरोबर आलेला नकाशा वाचावा लागतो, तेलाच्या डब्यावरील आणि विजेच्या पेटीवरील सूचना समजून घ्याव्या लागतात. गवंड्याचेही तसेच आहे. ओळंबा आणि गुण्या वापरणे तो उस्तादाकडून शिकतो. पण घराचा पाया आखताना एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार फूट घेऊन तिरपे माप पाच फूट भरले तर कोपरा काटकोनात आहे, याचे कारण त्याला शाळेने सांगितलेले असावे. एकास सहा मसाला म्हणजे काय, हे ज्याला गुणोत्तर म्हणून कळले आहे, तो पाटी बदलली तरी चुकत नाही. ज्याला ते केवळ पाट्यांची संख्या म्हणून पाठ आहे, तो पाटी बदलताच फसतो. हाताला जे वळण लागते ते उस्तादाकडून. पण त्या हाताला माप, नकाशा आणि कारण ज्या पायावर समजावयाचे, तो पाया प्राथमिक शाळेत घातला जातो. पाया नसेल तर उत्तम हात असलेला मुलगाही जन्मभर दुसऱ्याला पाने उचलून देत राहतो.

आता रीतसर वाटेकडे वळू. आपल्या गावगाड्यात कारागिरी शिकण्याची एक जुनी व्यवस्था होती. सुताराचा मुलगा बापाच्या शेजारी बसून रंधा धरावयास शिके, लोहाराचा मुलगा भाता ओढता ओढता लोखंडाचा रंग ओळखू लागे. या पद्धतीत प्रेम होते, धीर होता आणि शिकविणाऱ्याचे लक्ष एकाच विद्यार्थ्यावर होते. तथापि तिचे दोषही तितकेच मोठे होते. कोणी काय शिकावे हे जन्मावरून ठरे. मुलीला ते दार बंद होते. ज्याच्या घरी धंदा नाही त्याला तो शिकण्याची सोय नव्हती. आणि किती दिवसांत काय शिकवावे याचे बंधन कोणावरच नव्हते. आजच्या ‘पोऱ्या’ने त्या व्यवस्थेतील बंधन-विरहितता तेवढी उचलली आहे, घरातील माया मात्र त्याच्या वाट्याला आलेली नाही.

शाळेने हाताचे काम आपलेसे करावे, हा विचार आपल्या विदर्भातच मोठ्या प्रमाणावर मांडला गेला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना तयार केली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती सर्व विषयांची गुंफण, हे तिचे सार होते. सूत कातता कातता लांबी, वजन, वेग यांचे गणित यावे, कापसाबरोबर भूगोल व इतिहास यावा, अशी कल्पना होती. पुढे बऱ्याच शाळांतून टकळी तेवढी राहिली आणि तिच्याभोवतीचे गणित गळून गेले. विचार वजा करून नुसते हाताचे काम उरले तर त्याचे कवायतीत रूपांतर होते, हा धडा आपण त्या प्रयोगातून घ्यावा. मूळ विचारच चुकीचा होता, असा अर्थ मात्र काढू नये.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली केंद्र शासनाने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि तिच्यातून आजच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. त्यानंतर १९६१ साली संसदेने शिकाऊ उमेदवार अधिनियम संमत केला व तो १ मार्च १९६२ पासून अमलात आला. त्याच वर्षी १ मे रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. म्हणजे आपली जिल्हा परिषद आणि हा कायदा जवळजवळ समवयस्क आहेत. असे असूनही दोघांची ओळख फारशी झालेली नाही, याचा मला खेद वाटतो.

हा कायदा काय सांगतो, ते प्रत्येक शिक्षकाने जाणून घेतले पाहिजे. कारण खेड्यातील पालक कायद्याच्या कार्यालयात जात नाही, तो शाळेत येतो. पहिली गोष्ट, शिकाऊ उमेदवाराचे वय चौदा वर्षांपेक्षा कमी असता कामा नये. धोक्याच्या उद्योगांत ते अठरा असावे लागते. दुसरी गोष्ट, उमेदवार आणि मालक यांच्यात लेखी करार व्हावा लागतो व त्याची नोंदणी व्हावी लागते. उमेदवार अज्ञान असेल तर पालकाची सही लागते. तिसरी गोष्ट, मालकाने त्याला ठरलेल्या मुदतीत ठरलेले काम शिकविले पाहिजे. आणि उमेदवारानेही मन लावून शिकले पाहिजे, वर्गांना हजर राहिले पाहिजे. चौथी गोष्ट, त्याला विद्यावेतन मिळते. आणि ते त्याने किती नग तयार केले यावर ठरविता येत नाही. या शेवटच्या तरतुदीकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. नगावर पैसे ठरले की मुलाला जे काम येते तेच दिवसभर करावयास लावण्याचा मोह मालकाला होतो. कायदा म्हणतो की हा मुलगा उत्पादनासाठी आलेला नाही, शिक्षणासाठी आलेला आहे.

याखेरीज, सल्लागाराच्या मान्यतेवाचून त्याला जादा वेळ राबविता येत नाही. कामावर इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे. आणि अखेरीस परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांसाठी जागा राखण्याची व्यवस्था झाली. जन्मावरून धंदा ठरविणाऱ्या जुन्या पद्धतीला हे एक उत्तर होते. पालकांना एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगावी: उमेदवारी पूर्ण झाली म्हणून त्याच कारखान्यात नोकरी मिळेलच, अशी हमी कायदा देत नाही. हाती येते ते कौशल्य व प्रमाणपत्र, आणि त्या दोन्हींना बाहेर किंमत आहे.

माझ्या विद्यार्थ्याकडे यांपैकी काहीच नव्हते. करार नव्हता, मुदत नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. त्या वयाच्या मुलाला आज कामावर ठेवणे हा गुन्हाच आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचे शिक्षण हा त्याचा हक्क ठरला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही व्यवसायात नोकरीस ठेवण्यास बंदी झाली. शाळेची वेळ सांभाळून कुटुंबाच्या बिनधोक कामात मदत करणे एवढाच मुख्य अपवाद आहे. तेव्हा ‘याचे डोके चालत नाही, याला गॅरेजात घाला’ हा सल्ला आता केवळ चुकीचा नव्हे, बेकायदेशीरही आहे.

योग्य वाट कोणती, ते थोडक्यात सांगतो. मुलाने शाळा पूर्ण करावी. अकोल्यात रतनलाल प्लॉट भागात शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे; तालुक्यांच्या ठिकाणीही अशा संस्था आहेत. फिटर, इलेक्ट्रिशियन यांसारख्या व्यवसायांना दहावी लागते. काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण चालते. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहूनच पालकांना सांगावे. तेथील शिक्षणानंतर शिकाऊ उमेदवारी करता येते. राज्य परिवहन महामंडळाच्या कार्यशाळा, वीज कंपन्या, रेल्वेच्या भुसावळ येथील कार्यशाळा अशा ठिकाणी असे उमेदवार घेतले जातात. रेल्वेच्या निवडीची रीत आपण लक्षात ठेवण्याजोगी आहे. तेथे लेखी परीक्षा न घेता दहावीचे गुण आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील गुण यांवरून यादी लावली जाते. म्हणजे हातोडी धरण्याची संधीदेखील शेवटी गणित आणि भाषेच्या गुणांवर येऊन ठेपते. आणि त्या गुणांची सुरुवात आपल्या पहिली-दुसरीच्या वर्गात होते.

जर्मनीत ही व्यवस्था फार चांगली बसविलेली आहे. तेथे उमेदवार आठवड्यातील तीन-चार दिवस कारखान्यात काम शिकतो आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जातो. कारखाना व शाळा या दोन्ही एकाच शिक्षणाच्या दोन बाजू मानल्या जातात. आणि त्याची परीक्षा उद्योगांच्या वा कारागिरांच्या मंडळामार्फत घेतली जाते. कुशल कारागिराला तेथे मान आहे, आणि तो घडविण्यात शाळेचाही वाटा आहे हे तेथील समाज जाणतो. आपल्याकडे मात्र ‘शिकला तर साहेब, नाही शिकला तर मिस्त्री’ अशी वाटणी आपण मनात करून ठेवली आहे. ही वाटणी मुलांच्या मनात पहिल्याने कोण रुजवितो, याचा प्रामाणिकपणे विचार केला तर उत्तर सुखावह येत नाही. ‘अभ्यास केला नाहीस तर पंक्चर काढत बसशील’ हे वाक्य आपणांपैकी कितीजणांनी वर्गात उच्चारले असेल? त्याच वर्गात एखाद्या पंक्चर काढणाऱ्याचा मुलगा मान खाली घालून बसलेला असतो. त्या एका वाक्याने आपण त्याच्या वडिलांचा अपमान करतो आणि त्याला दोन चुकीच्या गोष्टी शिकवितो: हाताचे काम हलके असते, आणि त्याला अभ्यास लागत नाही.

आता आपण काय करावे? मी फार मोठ्या योजना सांगणार नाही. आपल्या शाळेत, आहे त्या साधनांत, होण्याजोग्या पाच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, मोजमाप फळ्यावर शिकवू नये. प्रत्येक मुलाच्या हातात पट्टी द्यावी, वर्गाचे दार, बाक, पाण्याची टाकी मोजून घ्यावी. इंच, सूत आणि मिलिमीटर यांचे नाते पाचवी-सहावीत एकदा प्रत्यक्ष दाखवावे. पुस्तकात सूत नसेल, पण गावात आहे. अपूर्णांकांचे याहून चांगले साधन मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट, वस्तूचे समोरून, वरून आणि बाजूने असे तीन प्रकारे चित्र काढावयास शिकवावे. खडूची पेटी त्यास पुरेशी आहे. पुढे कारखान्यातील नकाशा वाचताना हाच अभ्यास कामास येतो.

तिसरी गोष्ट, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांसमवेत घालविण्याची कल्पना मांडली आहे. त्या दिवसांची सहल करू नये. गावातील सुतार, गवंडी, शिवणकाम करणारी बाई, मोटर भरणारा कारागीर यांना सन्मानाने शाळेत बोलवावे, खुर्ची द्यावी. त्यांना भाषण करावयास न लावता काम करून दाखविण्यास सांगावे. आणि त्या कामात कोठे कोठे गणित येते, ते मुलांकडून शोधून लिहून घ्यावे. वर्ध्याच्या योजनेत जे गळून गेले, ते असे पुन्हा जोडता येईल.

चौथी गोष्ट, यात मुलींना वगळू नये. पेचकस फक्त मुलांच्या हाती आणि झाडू फक्त मुलींच्या हाती ही शाळेतील वाटणी बंद करावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे सर्व व्यवसाय मुलींनाही खुले आहेत, हे पालकसभेत मोठ्याने सांगावे. कारण अनेक पालकांना ते ठाऊकच नसते.

पाचवी गोष्ट, शाळा सोडून गेलेल्या मुलांची एक साधी वही ठेवावी. कोण कोठे गेला, करार झाला आहे का, प्रमाणपत्र मिळणार आहे का, एवढेच तीन प्रश्न. वर्षातून एकदा पालकाला ते विचारावे. दाखला दिला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे शाळेच्या नियमांत बसत असेल. शिक्षकाच्या धर्मात बसत नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगून मी थांबतो. त्या भेटीनंतर मी त्याला रविवारी घरी येण्यास सांगितले. तो येऊ लागला. पत्र्याची एक पट्टी घेऊन आम्ही इंचाचे आठ भाग पाडले, मग सोळा. मग दशांश चिन्ह घेतले. एका उन्हाळ्यात त्याने ते सारे आत्मसात केले, कारण त्याला त्याची निकड होती. व्हर्नियरवर त्याने पहिल्यांदा स्वतः माप वाचले, तेव्हा ते त्याने तीनदा वाचून पाहिले. या कामाचे श्रेय मी घेऊ इच्छीत नाही. ज्या कामाचा पगार मी सात वर्षांपूर्वीच घेतला होता, ते मी उशिरा करून दिले, एवढेच.

पुढे तो चांगला फिटर झाला. पण एका मोठ्या कारखान्यात जागा निघाली, तेव्हा त्याला प्रमाणपत्र मागण्यात आले आणि ते त्याच्याजवळ नव्हते. त्याच्याहून कमी जाणणारा मनुष्य त्या जागी लागला. ही उणीव मला भरून काढता आली नाही. नंतर त्याने स्वतःची लहानशी शेड उघडली. आज त्याच्याकडे जिनांची कामे येतात.

मागील वर्षी मी एका शाळेच्या तपासणीस गेलो होतो. तेथील मुख्याध्यापकांनी मला एक चिठ्ठी दाखविली. त्यांच्या शाळेतील बारा वर्षांच्या एका मुलाला त्याचे आईवडील कामाला ठेवण्यासाठी अकोल्यास घेऊन गेले होते. त्या मिस्त्रीने मुलाला ठेवून न घेता चिठ्ठी देऊन परत पाठविले होते. अक्षर वाकडेतिकडे होते, पण वाचता येत होते. लिहिले होते: “गुरुजी, या पोराले शाळेतून काढू नका. वय भरलं अन् शाळा झाली की मीच याले चांगल्या जागी कागद करून लावून देईन. तवर याले अपूर्णांक शिकवा.”

खाली सही होती. ते नाव मी ओळखत होतो. ते मी हजेरीपटावर अनेकदा लिहिले होते.

ती चिठ्ठी त्या मुख्याध्यापकांच्या नावे होती. परंतु मी ती आपणां सर्वांच्या वतीने स्वीकारली आहे, आणि आज ती आपणांस वाचून दाखविली. मुलगा शाळेत परत आलेला आहे. यंदा तो सातवीत आहे.